कढईतली चार मिनिटे : परतलेल्या नूडल्सचा चार हजार वर्षांचा प्रवास

१/
महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात संध्याकाळ झाली की एखाद्या चौकात चायनीजची गाडी लागते. भट्टीचा जाळ कढईच्या काठावर चढतो, नूडल्स हवेत उडतात, शेजवान चटणीचा झणझणीत वास पसरतो. हे खाणे चविष्ट, पण जड आणि तेलकट, अशी त्याची ख्याती आहे. म्हणूनच घरी ‘जरा पौष्टिक’ नूडल्स करण्याचा बेत ठरतो, तेव्हा मूळ पदार्थ सुधारल्याचे समाधान त्यामागे असते. इतिहास मात्र उलटी गोष्ट सांगतो. थोडे तेल, भरपूर भाजी आणि काही मिनिटांची आच ही परतण्याच्या या पद्धतीची मूळ ओळख होती. जडपणा तिला पुढच्या प्रवासात चिकटला.

२/
या कथेचा आरंभ एका पालथ्या वाडग्यापासून होतो. चीनच्या छिंगहाय प्रांतात, पीत नदीच्या वरच्या खोऱ्यात लाजिया नावाचे पुरातत्त्वस्थळ आहे. सुमारे ४००० वर्षांपूर्वी भूकंप आणि महापूर यांत ही वस्ती गाडली गेली. तिथल्या उत्खननात मातीचा एक वाडगा उपडा पडलेला सापडला. तो उचलल्यावर त्याखाली पिवळसर, बारीक, सुमारे अर्धा मीटर लांबीच्या नूडल्सचा गुंता दिसला. २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्या नूडल्स गव्हाच्या नव्हत्या, राळ्यासारख्या भरडधान्याच्या होत्या. चिकटपणा नसलेल्या या धान्यातून इतका लांब धागा कसा निघाला असेल, यावर अभ्यासकांत पुढे वादही झाला.

३/
गहू चीनमध्ये पश्चिमेकडून आला, पण कितीतरी काळ तो तिथे दुय्यम धान्य होता. दाणे नुसते शिजवून खायला गहू फारसा रुचकर लागत नाही. त्याचे भाग्य जात्याने उजळले. हान राजवटीच्या काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) फिरत्या दगडी जात्यांचा प्रसार झाला आणि पीठ मुबलक मिळू लागले. पिठाच्या भिजवलेल्या गोळ्यापासून होणाऱ्या सर्व पदार्थांना तेव्हा ‘बिंग’ हे एकच नाव होते. इ.स. ३०० च्या सुमारास शू शी नावाच्या कवीने या ‘बिंग’वर एक स्वतंत्र रचना केली. पिठाच्या पदार्थांना साहित्यात मान मिळावा इतके ते लोकांच्या जिभेवर रुळले होते.

४/
नूडल्स होत्या, पण त्या उकळत्या रश्शात शिजत. परतणे ही क्रिया, चिनी भाषेत ‘छाओ’, वेगळ्या वाटेने आली. सहाव्या शतकात ज्या सीश्ये या अधिकाऱ्याने ‘छीमिन याओशू’ नावाचा शेतीविषयक ग्रंथ लिहिला. पेरणीपासून कोंबड्या पाळण्यापर्यंत सारे काही त्यात आहे. कोंबड्यांच्या प्रकरणात अंड्यांची एक कृती येते. अंडी तांब्याच्या भांड्यात फोडून ढवळावीत, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग, मीठ आणि आंबवलेले सोयाबीन घालावे आणि तिळाच्या तेलात परतावे. आजच्या भुर्जीची ही दूरची पूर्वज. ‘छाओ’ पद्धतीच्या सर्वांत जुन्या लिखित कृतींत तिची गणना होते.

५/
परतण्याच्या कलेला खरी धार आली ती सरपणाच्या टंचाईने. सोंग राजवटीत (इ.स. ९६० ते १२७९) राजधानी कायफंग हे जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होते. रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी खाणावळींची आणि नूडल्सच्या दुकानांची वर्णने त्या काळच्या आठवणींच्या ग्रंथांत सापडतात. पण लाखो चुली पेटवायच्या तर जंगल पुरणार किती? डोंगर उघडे पडू लागले, लाकूड महागले. सू शी हा विख्यात कवी शूचौ येथे अधिकारी असताना त्याने दगडी कोळशाचा शोध घेण्यास माणसे धाडली. १०७८ साली कोळसा सापडला, तेव्हा त्या आनंदात त्याने कविता लिहिली. जळणाचा प्रश्न कवीच्या दारापर्यंत पोहोचला होता.

६/
जळण महाग असेल तर स्वयंपाक कसा करावा? चिनी स्वयंपाकघराने यावर काढलेला तोडगा साधा होता. जे काम आगीने करायचे त्यातले जमेल तितके सुरीकडे सोपवावे. भाजी किंवा मांस जितके पातळ चिरावे तितका त्याचा अधिक पृष्ठभाग उष्णतेला भिडतो आणि आतपर्यंत आच लवकर पोहोचते. पातळ पत्र्याची, गोल बुडाची लोखंडी कढई क्षणात तापते. चिरण्यात अर्धा तास जातो, पण चूल पेटती ठेवायची ती काही मिनिटेच. याच कढईला कँटनी बोलीत ‘वॉक’ म्हणतात आणि हाच शब्द पुढे जगभर गेला.

७/
तेलाचाही हिशेब असाच होता. तीळ, मोहरी किंवा सोयाबीन यांचे तेल घाण्यावर काढावे लागे, त्यामुळे सामान्य घरात ते जपून वापरले जाई. कढईच्या गोल बुडाशी चमचाभर तेल जमते आणि सतत हलवत राहिल्याने ते सगळ्या जिनसांना पुरते. चिनी जेवणाची मांडणीही मदतीला होती. तिथे जेवणाचे दोन भाग मानले जातात, ‘फान’ म्हणजे धान्य आणि ‘त्साय’ म्हणजे भाजी वा मांस. एकाने पोट भरायचे, दुसऱ्याने चव आणायची. उकडून निथळलेल्या नूडल्स भाज्यांसोबत परतल्या की दोन्ही भाग एकाच थाळीत येतात. अल्प तेल आणि अर्धवट करकरीत भाजी यांचे मूळ आहारशास्त्रात नाही. ते काटकसरीत आहे.

८/
एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातून माणसे पोटासाठी समुद्रापार जाऊ लागली. त्यातली एक लाट पूर्वेकडे, कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींकडे आणि रेल्वेच्या कामांकडे गेली. ताय्शान परिसरातल्या या लोकांच्या बोलीतूनच ‘चाउमीन’, म्हणजे परतलेल्या नूडल्स, हा शब्द इंग्रजीत शिरला. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना कायद्याने दार बंद केले. जे आत राहिले त्यांच्यापैकी अनेकांनी खाणावळी आणि धोबीखाने काढले. गिऱ्हाईक बदलले तसे पदार्थही बदलले. कुठे नूडल्स कुरकुरीत तळल्या गेल्या, तर कुठे त्यांवर दाट रस्सा ओतला जाऊ लागला. परक्या जिभेला रुचेल असे रूप देणे ही त्या लोकांच्या जगण्याची अट होती.

९/
मूळ पद्धत कागदावर नेमकेपणाने मांडली ती एका डॉक्टर स्त्रीने. बूवेई यांग चाओ यांनी जपानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले होते. पती युएनरेन चाओ हे थोर भाषाशास्त्रज्ञ. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १९४५ साली त्यांचे चिनी पाककलेवरचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झाले. इंग्रजी मजकुरासाठी पती आणि मुलगी रूलान यांनी साह्य केले. ‘छाओ’ला इंग्रजीत नेमका शब्द नव्हता, म्हणून या पुस्तकाने ‘स्टर-फ्राय’ हा जोडशब्द घडवला. मोठी आच, सततचे हलवणे, बारीक चिरलेले जिन्नस आणि अगदी थोडा वेळ, असा त्याचा आशय. आज जगभरच्या पाककृतींत रुळलेला हा शब्द एका घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर जन्माला आला.

१०/
दुसरी वाट पश्चिमेकडे, बंगालच्या उपसागराकडे वळली होती. अठराव्या शतकाच्या शेवटी तोंग अच्यू नावाचा चिनी व्यापारी कोलकात्याजवळ उतरला. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात त्याला हुगळीच्या काठी जमीन मिळाली आणि तिथे त्याने उसाचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून तो गाव अजूनही अचिपूर म्हणून ओळखला जातो. पुढे कँटनी सुतार आले, हक्का लोक आले. हक्कांनी चामडी कमावण्याचा धंदा धरला आणि शहराच्या पूर्वेकडे टांगरा येथे वस्ती केली. आज नूडल्सच्या पाकिटावर छापलेला ‘हक्का’ हा शब्द मूळचा या जनसमूहाचे नाव आहे.

११/
या समाजाच्या इतिहासात एक काळे पान आहे. १९६२ च्या युद्धात चिनी वंशाच्या सुमारे ३००० लोकांना आसाम, दार्जिलिंग, शिलाँग अशा भागांतून उचलून राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांच्यापैकी बहुतेक भारतातच जन्मलेले होते. कित्येकांची सुटका व्हायला वर्षे लागली. घरी परतावे तर घरे आणि दुकाने हातची गेलेली. अनेक कुटुंबे पुढे कॅनडाला, विशेषतः टोरांटोला निघून गेली. ज्या काळात भारतीय शहरांना चिनी जेवणाची गोडी लागत होती, त्याच काळात ते रांधणाऱ्यांकडे संशयाने पाहिले जात होते.

१२/
मागे राहिलेल्यांनी कढई सोडली नाही. टांगऱ्यातल्या चामड्याच्या कारखान्यांना प्रदूषणामुळे शहराबाहेर जाण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला, तेव्हा त्यातल्या अनेक जागांवर खानावळी उभ्या राहिल्या. कोलकात्याच्या या स्वयंपाकघरांत हिरवी मिरची, आले आणि लसूण यांचे प्रमाण वाढले, सोया सॉस गडद झाला, आणि एक नवी पाकशैली आकाराला आली. तिला चीनमध्ये कोणी ओळखणार नाही, पण भारतात तिला ‘चायनीज’ हेच नाव पडले.

१३/
मुंबईतही चिनी वस्ती जुनी आहे. माझगावात १९१९ सालचे ‘सी यिप कून’ हे चिनी मंदिर गोदीवर येणाऱ्या खलाशांची आठवण जपून उभे आहे. पण मुंबईच्या ताटात मोठी उलथापालथ घडवली ती कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी. त्यांच्याच सांगण्यानुसार, १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात एका गिऱ्हाइकाने काहीतरी नवे मागितले. त्यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि मक्याच्या पिठात घोळवून तळलेले कोंबडीचे तुकडे त्यात टाकले. मांचुरियाचा त्याच्याशी संबंध नव्हता, तरी ‘मांचुरियन’ हे नाव मात्र कायमचे झाले.

१४/
या वळणावर ‘परतणे’ मागे पडून ‘तळणे’ पुढे आले. मक्याच्या पिठाचे आवरण तेल शोषते आणि दाट रश्श्यालाही तेच पीठ लागते. भाजी महाग आणि नाशवंत, तर मैदा आणि पाम तेल स्वस्त. रस्त्यावरच्या गाडीच्या हिशेबात त्यामुळे नूडल्स वाढत गेल्या आणि कोबी सजावटीपुरती उरली. त्यात गाडीवाल्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही. काही रुपयांत पोट भरून देण्याची कसरत तो रोज करतो. पण ताटातला ‘फान’ आणि ‘त्साय’ यांचा जुना तोल इथे ढळला, हे खरे.

१५/
तोल ढळण्याचे दुसरे कारण जपानमध्ये घडले. महायुद्धानंतर ओसाका शहरात उपासमार होती आणि गरम रामेनच्या टपरीपुढे कुडकुडत उभ्या असलेल्या माणसांची रांग मोमोफुकु आंदो या उद्योजकाच्या मनात घर करून राहिली. १९१० साली तैवानमध्ये जन्मलेल्या आंदोंनी १९५७ मध्ये एका पतसंस्थेच्या दिवाळखोरीत जवळपास सर्वस्व गमावले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी घरामागच्या खोपटात प्रयोग सुरू केले. नूडल्स टिकाऊ कशा करायच्या हा प्रश्न सुटत नव्हता. पत्नीला तेंपुरा तळताना पाहून उत्तर सुचले, असे ते सांगत. २५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकिन रामेन’ बाजारात आले.

१६/
युक्ती विलक्षण होती. सुमारे १६० अंश सेल्सियसच्या तेलात नूडल्स सोडल्या की आतले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे राहतात. नंतर गरम पाणी ओतले की त्या छिद्रांतून ते आत शिरते आणि नूडल्स दोन-तीन मिनिटांत मऊ होतात. भुकेल्या देशासाठी हे वरदानच होते. पण वाफेने रिकामी केलेली जागा तेल घेते. तळून वाळवलेल्या अशा नूडल्समध्ये साधारण १५ ते २० टक्के स्निग्धांश असतो. घरी चमचाभर तेलाचा हिशेब करणाऱ्याच्या कढईत हे तेल पाकिटातूनच, न मोजता येते.

१७/
भारतात झटपट नूडल्सचे युग १९८३ साली मॅगीसोबत अवतरले आणि ‘दोन मिनिटे’ हा शब्दप्रयोग घराघरांत गेला. जून २०१५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शिसे आणि लेबलवरच्या दाव्यावरून त्यावर बंदी घातली. १३ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणीचा आदेश दिला. तपासणीत नमुने योग्य ठरले आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. या गदारोळात चर्चा शिसे आणि अजिनोमोटोभोवती फिरत राहिली. पाकिटातला मैदा, तेल आणि मीठ यांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१८/
अजिनोमोटोची कहाणीही उद्बोधक आहे. १९०८ साली टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी ते विक्रीस आले. १९६८ मध्ये एका डॉक्टरने अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून चिनी जेवणानंतर होणाऱ्या बधिरपणाची काही संभाव्य कारणे मांडली. त्यातले एकच कारण लोकांनी उचलले आणि एका साऱ्या पाकपरंपरेवर शिक्का बसला. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणातील ग्लुटामेटचा असा परिणाम सातत्याने आढळला नाही. टोमॅटोतही ग्लुटामेट निसर्गतःच असते.

१९/
लक्ष द्यायचे ते मिठाकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. मोठा चमचाभर सोया सॉसमध्येच सुमारे २ ग्रॅम मीठ असते. त्यात चवीच्या मसाल्याची पुडी आणि वरून पुन्हा मीठ पडले की दिवसाची मर्यादा एका थाळीतच संपते. म्हणजे ज्या पांढऱ्या भुकटीची धास्ती घेतली जाते तिच्यापेक्षा रोजचे साधे मीठच अधिक जागरूकता मागते.

२०/
झटपट आणि टिकाऊ नूडल्ससाठी तेलात तळणे हाच एक मार्ग आहे का? याचे उत्तर मराठी घराला ठाऊक होते. उन्हाळ्यात पाटावर वळून वाळवलेल्या गव्हाच्या शेवया वर्षभर टिकत, आणि त्यांना तेलाचा स्पर्शही नसे. कोकणात तांदळाच्या उकडीचे शिरवाळे लाकडी साच्यातून काढून नारळाच्या रसासोबत खाल्ले जातात. भाजलेल्या शेवया, फोडणी आणि भाज्या यांचा उपमा तर परतलेल्या नूडल्सचा सख्खा शेजारी. उन्हाने किंवा हवेने वाळवलेल्या नूडल्स आजही बाजारात मिळतात. पाकिटामागच्या घटकांच्या यादीत पाम तेल आहे की नाही, एवढे पाहिले की फरक कळतो.

२१/
या साऱ्या इतिहासातून घरच्या कढईसाठी एक सरळ रीत निघते. दोन माणसांना हवेवर वाळवलेल्या १०० ग्रॅम नूडल्स आणि त्याच्या तिप्पट भाजी घ्यावी : कोबी, गाजर, फरसबी, सिमला मिरची, कांद्याची पात. सगळे आगपेटीच्या काडीइतके बारीक चिरून ताटात मांडून ठेवावे. एकदा कढई तापली की चिरायला वेळ मिळत नाही. नूडल्स किंचित कच्च्या असतानाच निथळून गार पाण्याखाली धराव्यात. त्याने वरचा चिकट स्टार्च निघून जातो आणि शिजणे तिथेच थांबते.

२२/
लोखंडी कढई धूर येईस्तोवर तापवून दोन लहान चमचे तेल घालावे. लसूण आणि आले काही क्षण परतून आधी गाजर आणि फरसबी, मग कोबी आणि सिमला मिरची टाकावी. घरच्या शेगडीची आच भट्टीइतकी नसते. म्हणून एका वेळी थोडाच घाणा घ्यावा, नाहीतर भाजीला पाणी सुटून ती परतण्याऐवजी उकडते. अंडे, पनीर किंवा कोंबडीचे पातळ काप आधी वेगळे परतून ठेवावेत. शेवटी नूडल्स, एक मोठा चमचा सोया सॉस, थोडे व्हिनेगर, मिरी आणि पात घालावी. वेगळे मीठ नको. चुलीवरचे काम चार-पाच मिनिटांत आटोपते.

२३/
पालथ्या वाडग्यातून निघालेला हा धागा सरपणाच्या टंचाईतून, स्थलांतरितांच्या बोटींतून, देवळीच्या छावणीतून आणि ओसाकाच्या खोपटातून फिरून आजच्या शेगडीवर आला आहे. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी हाताशी असेल तेवढ्यात भूक भागवत होते. घरी भाजी वाढवून तेल आटोक्यात ठेवणारा माणूस चिनी पदार्थाला मराठी शिस्त लावत नाही. लाकडाची एक मोळी जपून वापरणाऱ्या कुणा अनाम गृहिणीची रीत तो पुन्हा हाती घेतो. तिची सुरी, तिचा चमचाभर तेलाचा हिशेब आणि तिची चार मिनिटे अजूनही जशीच्या तशी उपयोगी पडतात.